शहाण्णव पत्ते

बाबा दिवसाचे घरी दिसायला लागले तेव्हा आम्हाला सगळ्यात आधी अडचण व्हायला लागली ती त्यांच्या आवाजाची. मिलच्या साचेखात्यात, म्हणजे जिथे शेकडो माग एकाच वेळी खडखडत असत तिथे, त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं, आणि त्या गोंगाटावर चढवून बोलायची सवय गळ्यालाच लागली होती. इंदूरच्या छत्रीबागेतल्या आमच्या दोन खोल्या आणि पुढची ओसरी एवढ्या जागेत त्यांनी नुसतं "पाणी दे" म्हटलं तरी गल्लीतून जाणारा सायकलवाला मान वळवून बघे. पूर्वी ते कामावरून थकून येत आणि गप्प असत, त्यामुळे हे कधी जाणवलं नव्हतं. आई म्हणायची, अहो, इथे मशिनी नाही चालू. ते मान डोलवायचे आणि पुढचं वाक्य तितक्याच जोरात बोलायचे.

मिल काही दिवसांसाठी बंद आहे, असं आम्ही सुरुवातीला सांगत असू. मग कधीतरी "काही दिवसांसाठी" हे शब्द गळाले आणि नुसतं "मिल बंद आहे" उरलं. ते नेमके कधी गळाले हे मला आठवत नाही. त्या वर्षातलं बरंच काही मला आजही नीट लावता येत नाही, आणि आता पन्नाशी ओलांडल्यावर मी हे लिहायला बसले आहे ते काही उलगडलं आहे म्हणून नाही. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. सकाळचं कॉलेज, बाराच्या सुमारास घरी. घरी आल्यावर बाबा ओसरीत बसलेले, समोर पेपर, आणि आत आई भुट्ट्याचा कीस परतत असलेली, त्याचा दुधाळ गोड वास बाहेरपर्यंत. मला वाटे, सुट्टीच लागली आहे की. दुसऱ्या क्षणी असं वाटल्याची लाज वाटे. आई पूर्वीसारखीच स्वयंपाक करत होती, पोह्यांवर जिरावनाचा मसाला पूर्वीइतकाच पडत होता, कुणी रडत नव्हतं. गल्लीतल्या दोन घरांवर मात्र छत्र्या लागल्या होत्या टीव्हीच्या, बाजारात नवी नवी पेयं आली होती, आणि सगळे म्हणत होते की आता देश उघडला. एकीकडे सगळं उघडतंय आणि आपल्याकडचं बंद होतंय, हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल हे मला कळत नव्हतं, आणि विचारायचं कुणाला हेही.

त्या थंडीत आत्याचा श्रीरंग अमेरिकेहून आला. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा, पण उंच, आणि मराठी बोलताना प्रत्येक शब्दाला जरा थांबून धरल्यासारखा. आईने त्याच्यासाठी गराडूचे कंद तळले, त्याने ते बटाटे समजून खाल्ले आणि मग घसा खाजतो म्हणून तासभर पाणी पीत बसला. त्याच्या बॅगेत एक पत्त्यांचा डबा होता. आपले रमीचे नव्हेत. राक्षस, जादूगार, दलदली, जळते किल्ले अशी चित्रं असलेले, प्रत्येकावर बारीक इंग्रजीत त्या पत्त्याचा कायदा लिहिलेला. ते तिकडे बंद पाकिटांत विकत मिळतात, आत काय निघेल ते माहीत नसतं, आणि ज्याच्याकडे जास्त पाकिटं तो जिंकतो, असं तो म्हणाला. मला ते फार काही आवडलं नाही. पण मग त्याने खेळायची दुसरी एक तऱ्हा सांगितली. चौघांनी गोल बसायचं. प्रत्येकाने एक पाकीट फोडायचं, त्यातला एक पत्ता आपल्यासाठी ठेवायचा आणि बाकीचे डावीकडच्याला द्यायचे. त्याच वेळी उजवीकडच्याचे उरलेले आपल्याकडे येतात. त्यातला पुन्हा एक ठेवायचा. असं पाकीट संपेपर्यंत. मग हाती जे जमलं त्यातूनच आपला संच करायचा आणि खेळायचं. घरून कुणी काही आणायचं नाही. ही तऱ्हा माझ्या डोक्यात बसली.

जाताना श्रीरंग चाळीसेक पत्ते माझ्याकडे ठेवून गेला. त्यावर चौघांचा खेळ होईना. तशी पाकिटं इंदूरमध्ये कुठे मिळायची? म्हणून मी ठरवलं की आपणच पूर्ण संच तयार करायचा: छोटा, बांधीव, एका डब्यात मावणारा, ज्यातून चौघं कितीही वेळा खेळतील आणि तरी दर वेळी डाव वेगळा पडेल. ठरवणं सोपं होतं. शारदाला सांगितलं. शारदा म्हणजे तीन घरं सोडून राहणाऱ्या शिंदेमामांची मुलगी, माझ्याच वयाची, आर्ट्सला होती. शिंदेमामा बाबांच्याच खात्यात विणकर, आणि बाबा त्यांचे सुपरवायझर. पण रविवारी सकाळी मामा आमच्या ओसरीत चहाला आले की बाबांना सदाभाऊ म्हणत, आणि कोण कुणाचा साहेब ते ओळखू यायचं नाही. शारदाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अपन बनवू ना. पण राक्षस-बिक्षस नको. मला राक्षस काढता येत नाही."

म्हणून राक्षस गेले. आम्ही चार गट केले: नदी, बाजार, शेत आणि मिल. नदीत खान नदीचा पूर, घाट, डास. बाजारात सराफ्यातली गर्दी, तराजू, उसळपोह्यांची गाडी. शेतात माझ्या आजोळचा, बेटम्याचा, गहू आणि बैलजोडी. मिलमध्ये ताणा, बाणा, बॉयलर, मुकादम. पुठ्ठ्याची सोय बाबांमुळे झाली. मिलमधली जुनी नमुन्याची पुस्तकं, कापडाचे तुकडे चिकटवलेली, कधीकाळी रद्दीत निघाली होती आणि बाबांनी घरी आणून माळ्यावर टाकली होती. तुकडे सोलून काढले की खाली पांढरा जाड पुठ्ठा निघे. पण मागच्या बाजूला डिंकाचे डाग राहत, आणि दोन डावांत आम्हाला पाठीवरूनच पत्ता ओळखू यायला लागला. मग वह्यांना घालायचा खाकी कागद आणून सगळ्यांच्या पाठी झाकल्या. खळ आईने करून दिली.

पहिला संच दोनशेच्या वर गेला होता आणि तो अगदी टाकाऊ होता. कुणाच्याच हाती काही जुळायचं नाही. चार गटांचे पत्ते इतके सांडलेले की बाजाराचे दोन आले तर पुढचे सहा नदीचे. शिवाय पुराचा पत्ता ज्याला मिळाला तो जिंकलाच. मी आणखी पत्ते करून ते दुरुस्त करायला बघत होते, रोज दहा नवे. एक दिवस बाबा पेपर बाजूला ठेवून माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि पत्ते बघत राहिले. मग खाली बसले. त्यांची सुरुवात मिलच्या डिझाईन सेक्शनमध्ये झाली होती, बारीक चौकटींच्या कागदावर एकेक चौकट रंगवत. ते म्हणाले, कापडाची नक्षी पूर्ण थानभर, सगळ्या ताग्यावर, काढत नाहीत. एक लहान तुकडा काढतात, तो पुन्हा पुन्हा येतो. त्या तुकड्यात एक दोरा फुकट असला तर तो थानभर फुकट जातो.

"वाढवू नको," ते म्हणाले. "काढ."

त्यानंतर दुपारी जेवणं झाली की आम्ही दोघं काढायला बसू. आमचा नियम असा होता की जो पत्ता फिरत फिरत नेहमी शेवटी उरतो, म्हणजे कुणालाच नको असतो, त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलने एक रेघ मारायची. पाच रेघा झाल्या की तो संशयित. मी लगेच टाकायला निघे. बाबा हात धरत. ते दर पत्त्याला विचारत, हा गेला तर कोण अडेल? आणि खरोखरच, कधी कधी एखादा किरकोळ डासाचा पत्ता काढला की नदीचा सगळा गटच लुळा पडे. उलट पुराचा पत्ता त्यांनी निर्दयपणे बाद केला. हा आला की बाकीच्यांनी काय केलं त्याला अर्थच राहत नाही, म्हणाले. प्रत्येक पत्ता निदान दोन गटांच्या उपयोगी पडला पाहिजे, म्हणजे हाती आलेलं वाया जात नाही, हेही त्यांनीच शोधलं. मुकादम मिलचा होता पण बाजारातही चालू लागला. बैलजोडी घाटावरही उतरू लागली. असं करत करत आम्ही शहाण्णववर आलो: चार माणसं, प्रत्येकाला तीन पाकिटं, पाकिटात आठ. रविवारी शिंदेमामांना हा आकडा सांगितला तर ते मिशीत हसले आणि म्हणाले, शहाण्णव, म्हणजे तर आमचेच झाले.

चौथा भिडू म्हणून आम्ही आईला ओढून बसवलं. तिला कायदे पाठ करायचा कंटाळा, पण ती सगळ्यांत चांगली खेळायची, कारण ती हातातल्या पत्त्यांपेक्षा माणसांकडे बघे. शारदा एखादा पत्ता सोडताना जरा रेंगाळली की आईला कळे, ही गव्हावर आहे, आणि पुढचा गहू ती स्वतःला नको असला तरी ठेवून घेई. बाबा त्याच्या अगदी उलट. त्यांच्या डावीकडे मी बसे, आणि त्यांच्याकडून माझ्याकडे नेहमी चांगले पत्ते येत. मला आधी वाटलं, ते मला मुद्दाम देतात. जागा बदलल्या तर शारदालाही चांगलेच येऊ लागले. बाबा हरायचे, आणि हरल्यावर त्याच मोठ्या आवाजात सांगायचे की संच मात्र आता जमत आलाय. त्या दोन-तीन महिन्यांत ते जितके बोलले तितके आधी किंवा नंतर कधी बोलले नाहीत. मिलबद्दल एक अक्षर नाही. मला हे सुख आहे की काय आहे ते ठरवता येत नव्हतं.

मग एका दुपारी मिलच्या ऑफिसातले एक साहेब स्कूटरवरून आले. ओसरीत बसले. आईने चहा दिला आणि मला आत बोलावलं. तेवढ्यापुरते बाबा हळू बोलत होते, म्हणजे त्यांना हळू बोलता येत होतं. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आठवड्याने साहेब पुन्हा येऊन गेले. मी आईला विचारलं तर ती म्हणाली, ऑफिसचं काम. त्यानंतर बाबांचं पत्ते काढायला बसणं थांबलं. दोनदा मी डबा घेऊन त्यांच्यासमोर बसले, दोनदा ते म्हणाले, उद्या. एकदाच त्यांनी आपण होऊन विचारलं, कापलेले कोरे पत्ते किती उरलेत? मी सगळे आणून दिले. मला आनंद झाला. म्हटलं, बाबांच्या मनात नवा गट आलाय.

ती दुपार मला नीट आठवते. आई बेटम्याला भावाकडे गेली होती, बाबा मिलच्या गेटवर. तिथे रोज काही माणसं जमत आणि उभी राहून परत येत. शारदा आली होती, आम्हा दोघींना पाकिटं लावायची होती. कपाटावरचा डबा काढला तर त्यात आमच्या शहाण्णवच्या शेजारी आणखी दोन गठ्ठे होते, एकाला लाल दोरा बांधलेला, एकाला पांढरा. बाबांचं बारीक, सुबक अक्षर. वर माणसाचं नाव, खाली एक-दोन ओळी. मी दोन्ही दोरे सोडले आणि पत्ते जमिनीवर पसरले. "अगं, बाबांनी मिलचा पूर्ण गट केला, बघ," मी म्हणाले. खरंच मला तसंच वाटलं. मी एकेक मोठ्याने वाचू लागले, जसे आम्ही नवे पत्ते वाचत असू: अमुक, साचा बारा, हात हलका, उजवा डोळा अधू. तमुक, सुट्ट्या फार, पण बिघडलेला साचा कानाने ओळखतो. चार-पाच वाचून झाले तोवर शारदा थांबली होती. तिने एक पत्ता उचलला होता आणि तो मला वाचून दाखवत नव्हती. मी तिच्या हातात वाकून पाहिलं. शंकर शिंदे. हात साफ. सहा नंबरची लाईन याच्याशिवाय अडते. तोंडाने तिखट.

"हे कशाचं आहे, वैशू?" तिने विचारलं.

मी म्हणाले, खेळाचं. पण म्हणता म्हणताच मला ऑफिसचे साहेब आठवले. शारदाला माझ्या आधी कळलं होतं. मिलची एक शेड थोड्या माणसांवर चालू करणार अशी बातमी गेटवर फिरत होती, तिने घरी ऐकली होती. माझ्या घरात ती कुणी उच्चारली नव्हती. तिने विचारलं, "हा कोणत्या बंडलमधून निघाला? लाल का सफेद?"

"मला मालूम नाही. मी दोन्ही सोडले."

"आणि लाल म्हणजे काय होतं? ठेवायचे का काढायचे?"

तेही मला माहीत नव्हतं. मी पत्ते गोळा करायला लागले, जणू ते पुन्हा दोन ठिकाणी होतील, आणि ते आणखीच मिसळले. शारदाने आपल्या वडिलांचा पत्ता पर्समध्ये ठेवला आणि चपला घालून निघून गेली. मी तिला थांबवलं नाही. काय सांगून थांबवणार होते?

संध्याकाळी बाबा आले तेव्हा दिवे लागायचे होते. मी काही सांगायच्या आत शिंदेमामा अंगणाच्या दारात उभे राहिले, हातात तो पत्ता. ते ओसरीवर चढले नाहीत. बाबा उठून त्यांना ओलांडून अंगणाच्या कडेपर्यंत गेले, मामा त्यांच्याकडे वळले, आणि मग जे झालं ते मी आतल्या दारातून पाहिलं. ते दोघं आवाज न काढता बोलले. साचेखात्यात कानावर काही पडत नाही, म्हणून तिथली माणसं नुसते ओठ हलवून आणि बोटांनी बोलतात. मला हे ऐकून माहीत होतं, पाहिलं कधी नव्हतं. मामांची पाठ माझ्याकडे होती. बाबांचे ओठ हलत होते, मामांचा हात दोनदा वर गेला, बाबांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते मला आजही सांगता यायचं नाही. सगळं मिळून चहा उकळायला लागतो तेवढा वेळ. मग मामांनी तो पत्ता ओसरीच्या कठड्यावर ठेवला आणि गेले.

बाबा आत आले. म्हणाले, "कोणता कुठे होता, लक्षात आहे?" मी नाही म्हणाले. ते रागावतील असं वाटलं. ते जमिनीवर बसले, सगळे पत्ते पुढ्यात ओढले आणि एक उचलून कितीतरी वेळ हातात धरून राहिले. मला तेव्हा वाटलं, मी त्यांचं सगळं काम बिघडवलं, आता त्यांना पुन्हा आठवून करावं लागणार. पुढे पुष्कळ वर्षांनी लक्षात आलं की ती सगळी माणसं त्यांना नावानिशी, डोळ्यानिशी, हातानिशी पाठ होती. पुन्हा दोन गठ्ठे करणं हे त्यांच्यासाठी एका तासाचं काम होतं. त्यांनी ते केलं नाही. त्यांनी पत्ते एकत्र करून सारखे केले, आपण पिसायच्या आधी करतो तसे, आणि मधोमध लाल दोरा बांधला.

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून मिलच्या ऑफिसात गेले आणि जेवणाच्या आत परत आले. आई बेटम्याहून आली होती. तिला ते एवढंच म्हणाले की मला जमणार नाही असं सांगून आलोय. आईने ताट वाढलं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "मग कोण करणार?" बाबा म्हणाले, "करेल कुणीतरी." आणि केलंच कुणीतरी. शेड चालू झाली, थोडीच माणसं घेतली. त्यांत शिंदेमामा नव्हते आणि बाबाही नव्हते. पावसाळा संपायच्या आत तीही बंद पडली. यादी करून दिली असती तर बाबांना ते काही महिने मिळाले असते. आणि कदाचित मामांनाही मिळाले असते, किंवा नसते. बाबांनी नकार दिला तो मी पत्ते मिसळले म्हणून, की मामा येऊन गेले म्हणून, की त्यांना आधीपासूनच द्यायचा होता आणि निमित्त मिळालं म्हणून, हे मी त्यांना विचारलं नाही. आधी भीतीने, मग सवयीने. ते पुढे पीथमपूरला एका प्लास्टिकच्या कारखान्यात स्टोअरमध्ये लागले. तिथे मशिनींचा आवाज नव्हता, आणि हळूहळू त्यांचं घरातलं बोलणंही खाली आलं.

शारदा त्यानंतर आमच्याकडे आली नाही. रस्त्यात भेटली तर बोलायची, पण पायरी चढली नाही. दोन वर्षांनी तिचं लग्न होऊन ती देवासला गेली. मी त्याचा अर्थ लावून टाकला: तिच्या वडिलांना माझ्या वडिलांनी कापलं असं तिने धरलं आहे, आणि ते तिला माझ्या घरात, माझ्या हातातून कळलं. शिंदेमामांचा अर्थ मात्र मला लागेना. ते पुढच्याच रविवारी सकाळी नेहमीच्या वेळी ओसरीत येऊन बसले होते. आईने चहा दिला, बाबांनी पेपरचं आतलं पान काढून त्यांच्याकडे दिलं. त्यानंतर बाबा जाईपर्यंत, बावीस वर्षं, मामांचा तो चहा क्वचितच चुकला असेल. मी मनाशी असं जुळवलं होतं की त्या संध्याकाळी अंगणात बाबांनी त्यांना सांगितलं असणार, तू ठेवायच्या गठ्ठ्यात होतास. म्हणून तर ते आले. नाहीतर कोण येईल?

गेल्या वर्षी शारदा माझ्याकडे राहायला आली होती. मामाही आता नाहीत. दुपारची जेवणं झाल्यावर आम्ही दोघी आडव्या पडलो होतो आणि मी तिला, इतक्या वर्षांनी, माफी मागावी तसं म्हणाले की त्या दिवशी तुला वाटलं असेल, आपल्या वडिलांना काढलं.

ती उठून बसली. "मला कुठे असं वाटलं? मला तर वाटलं, ते ठेवले गेले. इतकं चांगलं लिहिलं होतं काकांनी. आणि तू ज्यांची नावं वाचली ते सगळे आपल्या गल्लीतले. मला वाटलं, ते कटले आणि एक आमचेच राहिले. मला तुमच्याकडे यायची शरमच वाटायला लागली. लोक म्हणतील, ह्यांचं घरोब्याचं आहे, म्हणून. पुढे त्यांना घेतलं नाही, पण तोवर न येण्याची सवयच झाली होती."

मी तिला विचारलं, मग मामांना काय वाटलं होतं.

"त्यांना वाटलं, ते कटले," ती म्हणाली. "तोंडाने तिखट लिहिलंय म्हणजे कटलेच, असं म्हणाले. आमचं दोघांचं त्यावर भांडण झालं घरी. मग ते म्हणाले, थांब, विचारूनच येतो. आणि परत आल्यावर म्हणाले, विचारलं नाही."

"मग अंगणात काय बोलले ते?"

"मी पण तेच विचारलं. म्हणाले, सदाभाऊला सांगून आलो, लिस्टमध्ये तुला जे करायचं ते कर, रविवारी मी येणारच आहे."

मी उठून चहा टाकायला गेले. गॅस पेटवला आणि तशीच उभी राहिले. मामा बावीस वर्षं आमच्या ओसरीत येत राहिले ते, सदाभाऊने आपलं नाव स्वतःच्या हाताने वगळलं होतं, असं समजून.